‘आणि’च्या जागी टिंब

“भैरूमामा, यात एखादं तरी टिंब द्या. नाहीतर मी इथंच गुदमरेन.”

आरेकरबाईंनी माझी वही टेबलावर ठेवली आणि पदराने वारा घेतला. शाळा सुटून अर्धा तास झाला होता. सातवी ‘ब’च्या वर्गात आम्ही दोघंच होतो. मी पहिल्या बाकावर. गुडघे बाकाखाली मावत नव्हते, म्हणून पाय वाटेत सोडून बसलो होतो. बाई माझा निबंध मोठ्याने वाचत होत्या. विषय होता, ‘माझी शाळा’.

“तुम्हीच ऐका,” म्हणून त्यांनी पुन्हा वही उचलली. “‘आमची शाळा साडेदहाला भरते आणि मी घंटा देतो आणि मुलं ओळीत उभी राहतात आणि निकमसर शिट्टी मारतात आणि मग मी हौद भरायला जातो आणि हौदाला गळती आहे आणि तसं नगरपालिकेला कळवलं आहे आणि...’ हे संपतं कुठं?”

“दुसऱ्या पानावर, बाई.”

“तिथंही संपलेलं नाही. तिथं तुमची शाई संपली आहे.”

मी खाली बघितलं. बाई वयाने माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. माहेर राजापूरकडचं, बोलणं स्वच्छ, आणि रागावल्या तरी आवाज चढायचा नाही. शाळेत शिपायाला सगळेच मामा म्हणतात, म्हणून त्याही म्हणायच्या. पण शिकवताना मी मामाही नव्हतो आणि शिपाईही नव्हतो. चुका करणारा एक विद्यार्थी होतो, आणि त्यांच्याकडे चुकांना माफी नव्हती.

मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होतो. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या शाळेत नऊ वर्षं रोजंदारीवर शिपाई होतो. अक्षरओळखही तिथंच झाली. पहिलीच्या वर्गाबाहेर माझं स्टूल असायचं. आत मुलं जे घोकायची, ते मी बाहेर मातीत बोटाने काढायचो. पुढं शाळेने कळवलं की कायम व्हायचं असेल तर सातवी पास हवी. परीक्षेला बाहेरून बसता येत होतं. आदल्या वर्षी बसलो. गणित सुटलं, भूगोल सुटला. मराठीत तेहतीस पडले. पस्तीसला पास. आणि कायम व्हायला वयाची अट चाळीसची. म्हणजे हातात एकच परीक्षा उरली होती.

“तुमची अक्षरं चांगली आहेत,” बाई म्हणाल्या. “उत्तरंही येतात. मार्क जातात ते निबंधात. एक सोपी युक्ती सांगते. आपण लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं. जिथं श्वास घ्याल तिथं स्वल्पविराम. जिथं थांबाल तिथं पूर्णविराम. वाचा.”

मी वाचायला लागलो. पहिलं पान झालं, पान उलटलं, दुसरं झालं. वर बघितलं तर बाई माझ्याकडे बघत होत्या, हातातला खडू तसाच.

“तुम्ही श्वास कधी घेतलात?”

“घेतला की, बाई.”

“कुठं?”

“नाकानं. वाचता वाचता.”

मग मला सांगावं लागलं. आमचं आडनाव वाजंत्री, धंदाही तोच. थोरला भाऊ सनई वाजवायचा आणि मी त्याच्या शेजारी बसून सूर धरायचो. सूर धरणाऱ्याच्या हातातही सनईच असते, पण तिची भोकं मेणाने बुजवलेली. त्याने एकच स्वर फुंकत राहायचं. गाणं भावाचं, आणि त्या गाण्याखालची जमीन माझी. गाणाऱ्याला थांबता येतं, सूर धरणाऱ्याला नाही. गाल फुगवून दम साठवायचा, तो तोंडाने सोडता सोडता नाकाने दुसरा घ्यायचा. दहाव्या वर्षी वडिलांनी शिकवलं. मध्ये सूर तुटला की नगाऱ्याची टिपरी पाठीत बसायची. लग्नात सूर तुटणं म्हणजे अपशकुन. मुलीकडचे आयुष्यभर बोल लावतात.

“वीस वर्षं सूर धरला. मग भाऊ बँडमध्ये गेला, क्लॅरिनेट घेऊन. बँडला सूर धरणारा लागत नाही.”

बाईंनी वहीची पानं चाळली. मग त्यांनी वहीत बोट ठेवलं.

“म्हणून हे असं लिहिलंय का? ‘मी वीस वर्षे सुर धरला.’ सु पहिला. पहिला सु काढला तर सुर म्हणजे देव. तुम्ही वीस वर्षं देव धरून ठेवलात?”

“सोडला असता तर वऱ्हाडानं मला धरलं असतं.”

बाई हसल्या, पण तांबड्या शाईने तो सू दुसरा करायला विसरल्या नाहीत.

त्या दिवसापासून ‘आणि’ बंद झाला. बाईंनी सांगितलं, पंधरा दिवस एकही ‘आणि’ लिहायचा नाही. पहिल्या चार दिवसांत मी ‘नि’ लिहिला. तो सापडला तेव्हा ‘अन्’ लिहिला. तोही सापडला तेव्हा ‘मग’ लिहायला लागलो.

“भैरूमामा, माणूस तोच आहे, तुम्ही त्याच्या टोप्या बदलताय,” बाई म्हणाल्या. “एक काम झालं की टिंब द्या. मग दुसरं काम सुरू करा. एवढंच आहे ते.”

“काम होतंय कुठं बाई? घंटेमागून पाणी, पाण्यामागून झाडू, झाडूमागून परत घंटा.”

“ते तुमचं नोकरीतलं. वाक्यात तुम्ही साहेब आहात. म्हणाल तिथं सुट्टी.”

घरी हौसाला मी हे सगळं सांगायचो. हौसा माझी बायको. तिला अक्षर येत नव्हतं. चुलीपुढे बसून ती ऐकायची आणि मधूनमधून टोला द्यायची.

“बाईचं बराबर हाय,” ती म्हणायची. “तुमचं बोलणं म्हंजे म्हशीचं चरणं. बांध दिसत न्हाई तुमास्नी.”

हळूहळू जमायला लागलं. ‘माझा आवडता सण’ लिहिला, त्यात सात टिंबं आली. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहिला, त्यात अकरा. दोन-तीन तर भलत्याच जागी पडली होती, वाक्य अर्धवट तुटून. बाई म्हणाल्या, हरकत नाही, आधी थांबायला शिका, कुठं ते मागाहून. आणि चा णि पहिला, पाणी चा णी दुसरा, हेही त्यांनी माझ्याकडून शंभरदा लिहून घेतलं. “मराठीत शेवटचं अक्षर दीर्घ. ‘आणि’ हा हट्टी. त्याला तेवढं सोडून द्या.”

परीक्षेला तीन आठवडे राहिले तेव्हा त्यांनी शेवटचा विषय दिला. ‘विसरता न येणारा एक प्रसंग’. हा दर दोन-तीन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच, त्या म्हणाल्या.

तो निबंध मी एका बैठकीत लिहिला. लिहिताना वर बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी बाईंना दिला. त्यांनी तो मोठ्याने वाचला नाही. मनात वाचला, तांबडं पेन उघडं धरून. शेवटी पोचल्या, पुन्हा पहिल्या ओळीवर आल्या, आणि पुन्हा वाचला. एकही खूण केली नाही. पेनाचं टोपण लावलं.

“यात एकही टिंब नाही,” त्या म्हणाल्या.

“परत तसंच झालं व्हय?”

“तसंच. सगळे ‘आणि’ परत आले.” त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. “याच्यातली टिंबं मला देता येणार नाहीत. हे हौसाबाईंना वाचून दाखवलंत?”

“तिला काय कळतंय निबंधातलं?”

“तुम्ही होता तिथलं यात सगळं आहे. ती होती तिथलं एका ओळीत आटपलंय. ती ओळ तिला विचारून लिहा.” बाई उठून खिडकी लावायला गेल्या. तिकडे तोंड करूनच म्हणाल्या, “मी अजून लग्न न झालेली बाई. मला त्यातलं काय कळणार?”

मी वही घेऊन घरी आलो. दोन दिवस ती तशीच फळीवर राहिली. रविवारी सकाळी हौसा दारात हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. दोन्ही मुलं नदीवर गेली होती. मी उंबऱ्यावर बसलो.

“बाईंनी सांगितलंय, हे तुला वाचून दाखवायचं.”

“मला? मी काय हेडमास्तर हाय?”

“ऐक तर.”

“वाचा. हात मोकळं न्हाईत माझं, कान हाईत.”

मी वाचायला लागलो.

“‘नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला होता आणि मांडव अजून लांब होता आणि भाऊ सनई वाजवत होता आणि मी सूर धरला होता आणि नवरदेव मांडवात पाऊल टाकीपर्यंत सूर तुटून चालत नाही आणि गर्दीतून आमचा चुलतभाऊ ईश्वरा आला आणि तो गावाकडून चार कोस चालत आला होता आणि त्याने माझ्या कानाला तोंड लावून सांगितलं की मुलगी झाली आणि गेली आणि भावाने माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी सूर सोडला नाही आणि...’”

हौसाचे हात थांबले होते. घाट्याचं टरफल तिच्या बोटात तसंच होतं.

सोळा वर्षं झाली होती त्याला. आमचं पहिलं लेकरू. त्यानंतर दोन मुलं झाली, मोठी झाली. त्या लेकराचं नाव आमच्या घरात कधी निघालं नव्हतं. निघावं असं नावच नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो होतो, तेव्हा हौसा भिंतीकडे तोंड करून निजली होती. पुरूनही झालं होतं. मला सगळं कळलेलंच होतं, आणि विचारलं तर तिला दुखेल, म्हणून मी काही विचारलं नाही. असं मी निबंधातही लिहिलं होतं.

“मागं जावा जरा,” हौसा म्हणाली.

“कुठं?”

“ईश्वरानं सांगितलं तितं.”

मी पुन्हा वाचलं. “‘मुलगी झाली आणि गेली आणि...’”

“थांबा.”

मी थांबलो.

“झाली म्हणा. आन् थांबा.”

“झाली.”

“मगाशी आणि म्हटलासा तुमी. ते काढा.”

“ईश्वरा तसंच म्हणाला होता.”

“ईश्वराला परत चार कोस चालायचं हुतं. त्यानं आवरून घेतलं.” तिने टरफल बाजूला टाकलं, पण दुसरा घाटा उचलला नाही. “दिस उगवायला झाली ती. उन्हं कलतीला आली तवा गेली. मधी अख्खा दिस हुता. तेवढा दिस आणि म्हणून कसा काय उडवता?”

मी वहीकडे बघत राहिलो. सोळा वर्षं मी समजत होतो की ती मेलेलीच जन्मली. ‘झाली आणि गेली’ हे मी एका श्वासात ऐकलं होतं. त्याच्यामध्ये काही असेल असं कधी मनातच आलं नव्हतं.

“झाली तवाच सांगावा का नाही धाडलास?” मी विचारलं.

“सासूबाई धाडीत हुत्या. मीच नको म्हटलं. म्हटलं, त्यो सुरावर बसलेला माणूस, ध्यान इकडं लागलं तर सूर तुटायचा. उद्या येतील, तवा बघतील. कुटं पळून चाललीया ती.”

आतल्या चुलीवर पाणी उकळत होतं. ती उठली नाही, मीही उठलो नाही.

“कशी होती?”

माझ्या तोंडून ते सहज निघालं. सोळा वर्षांत निघालं नव्हतं. हौसाने माझ्याकडे बघितलं. मी हा प्रश्न कधीतरी विचारीन म्हणून ती एवढी वर्षं थांबली होती, हे मला त्या बघण्यावरून कळलं.

“तुमच्या आयसारखी. हनुवटीला खळी. रडली न्हाई फार. एकदा रडली, दूध पाजाय घेतली तशी गप झाली. मग नुसती बघत हुती. ह्या खांबाकडं बघायची, त्या आड्याकडं बघायची. म्या म्हटलं, काय गुनी पोर हाय गं माझी. मग दिसभर तेच म्हणत राह्यले. गुनी, गुनी. तेच नाव पडलं.”

“गुनी.”

“व्हय. लिवलंसा का?”

मी कानावरची पेन्सिल काढली. ‘आणि’ खोडला. त्याच्या जागी टिंब दिलं. जोरात दिलं, कागदाला भोक पडलं. मग हौसा सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. ती जिथं थांबली तिथं मी टिंब दिलं. ती बराच वेळ थांबायची. एकदा ती उठून आत गेली, तोंड धुऊन आली, तोवर मी टिंबावरच पेन्सिल टेकवून बसलो होतो. दुपारपर्यंत पान भरलं. मग ती म्हणाली, “वाचा आता पयल्यापासनं.”

मी वाचलं. वाचताना प्रत्येक टिंबाशी मला थांबावं लागलं आणि तोंडाने श्वास घ्यावा लागला. शेवटी तिने मान हलवली.

“तसंच हुतं ते,” ती म्हणाली आणि घाट्यांची सुपली पुढे ओढली.

सोमवारी बाईंनी निबंध वाचला. या वेळी तांबडं पेन चाललं. मी ‘अंधूक’चा धू पहिला काढला होता, तो दुसरा केला. ‘देऊळातून’चं ‘देवळातून’ केलं. दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले. ‘झाली’पुढच्या टिंबाशी आल्या तेव्हा भोकातून पेनाचं टोक खालच्या पानाला लागलं. मग खाली आल्या आणि ‘गुनी’वर थांबल्या.

“इथं ‘ण’ हवा. गुण, गुणी.”

पेन टेकलं, पण रेघ ओढली नाही. त्यांनी वर बघितलं.

“भैरूमामा, हे विशेषण आहे की विशेषनाम?”

विशेषण म्हणजे काय आणि विशेषनाम म्हणजे काय, हे त्यांनीच मला पावसाळ्यात शिकवलं होतं. मुलगी कशी होती, ते विशेषण. मुलीला काय म्हणायचं, ते विशेषनाम.

“विशेषनाम, बाई.”

त्यांनी पेन उचललं.

“मग ते घरचे म्हणतात तसंच लिहायचं. तिथं माझं व्याकरण चालत नाही.” जरा थांबून म्हणाल्या, “पण एक ऐका. परीक्षक परका असतो. शंभर पेपर पुढ्यात, त्याला हे नाव आहे हे कळेलच असं नाही. अशुद्ध म्हणून अर्धा मार्क कापेल. गेल्या साली तुम्ही दोनानं गेलात. ‘गुणी’ लिहिलंत तर कुणी हात लावणार नाही. मी सांगत नाही काय करा ते. ठरवून जा.”

एप्रिलात परीक्षा झाली. माझ्या पुढच्या-मागच्या बाकांवर मिसरूड न फुटलेली मुलं होती. पर्यवेक्षकांनी मला आधी शिपाईच समजून पाणी मागितलं. मी दिलं आणि मग जागेवर बसलो. मराठीच्या पेपरात निबंधाला तीन विषय होते. ‘वर्तमानपत्राचे महत्त्व’, ‘मी नदी बोलते’ आणि ‘माझ्या आठवणीतला एक दिवस’.

मी दिवस घेतला. नवरदेव देवळातून निघाला. टिंब. भाऊ सनई वाजवत होता. टिंब. सूर लिहिताना सू दुसरा काढला. मुलगी झाली. टिंब. तिथं मी पेन उचलून थोडा वेळ बसलो. वर्गात सगळे खाली मान घालून लिहीत होते. मग सकाळ लिहिली, खांब लिहिला, आढं लिहिलं. नावाशी आलो. गु लिहिला.

शुद्ध काय ते मला येत होतं. ‘ण’ काढायला ‘न’हून जास्त वेळही लागत नाही. पण हौसाने दिवसभर जी हाक मारली ती ‘न’ची होती. ‘ण’ची हाक त्या पोरीने कधी ऐकली नव्हती. नोकरी डोळ्यासमोर होती, आदल्या साली गेलेले दोन मार्क होते. मी ‘नी’ लिहिला, दुसरी वेलांटी देऊन, आणि पुढच्या ओळीवर गेलो.

निकाल जूनमध्ये लागला. बाई स्वतः कार्यालयात जाऊन गुणपत्रक घेऊन आल्या. मी व्हरांड्यात घंटेखाली उभा होतो. त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि बोट ठेवलं. मराठी, पस्तीस.

“काठावर,” मी म्हणालो.

“त्यानं अर्धा कापला असेल तर तुमचे साडेपस्तीस होते,” बाई म्हणाल्या. “तो अर्धा कशाला हवा होता तुम्हाला? लोणचं घालायला?” आणि त्या घाईघाईने वर्गात गेल्या, कारण त्यांना डोळे पुसायचे होते आणि मुलं बघत होती.

ऑगस्टात मी कायम झालो. त्या नोकरीत एकोणीस वर्षं काढली. आता वय अठ्ठ्याहत्तर आहे. बाई लग्न होऊन बेळगावकडे गेल्या, त्यांची पत्रं बरीच वर्षं येत होती. माझ्या उत्तरातल्या चुका त्या पुढच्या पत्रात कळवायच्या.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. गुणपत्रक घेऊन मी घरी आलो. हौसा जात्यापाशी बसली होती. मी सांगितलं, पास झालो. तिने पीठ झटकून कागद हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला आणि परत दिला.

“पेपर कुणी तपासला?”

“कोण मास्तर असंल. आपल्याला सांगत नाहीत.”

“त्यानं सगळं वाचलं असंल का? नावबी?”

“वाचल्याशिवाय मार्क देत नाहीत, हौसा.”

ती बोटं मोजायला लागली. पीठ लागलेलं एकेक बोट मिटत गेली.

“मी. तुमी. बाई. आन् त्यो मास्तर.” चारही बोटं मिटून तिने मूठ मांडीवर ठेवली. “म्हंजे चार माणसांत नाव ठिवलं म्हणायचं पोरीचं.”